निऱ्यांची भिंत

विनयचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. विनय माझा धाकटा भाऊ, बनारसला ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरात राहतो. "दादा, आत्या गेली रे. कालपर्यंत तबियत एकदम ठीक होती. सकाळी पूजा झाली, खुर्चीत टेकली, नि बस्स..." इंदूआत्यानं मला आईइतकंच वाढवलेलं. रडू यायला हवं होतं, ते नंतर आलंही. पण सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. आता ती गोष्ट माहीत असणारं कुणी उरलं नाही, असं मनात आलं. सहा आठवडे झाले, त्या एका क्षणाची लाज काही जात नाही.

आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम केलं. गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं आणि आसपासच्या देवळांतल्या देवांची वस्त्रं. देवाला मापाचा फीता लावायचा नाही, हा तिचा नियम. मूर्तीचं माप ती दोऱ्यानं घ्यायची, दंडाला एक गाठ, कमरेला दोन, आणि तो गाठींचा दोरा बघून बिनचूक अंगरखा बेतायची. शेवटपर्यंत नऊवारी नेसली. तोंडानं फटकळ. मी आर्किटेक्चरला जाणार म्हटल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे नेमकं करणार काय?" घरं काढणार, म्हणालो. "मग माझंच काम की रे. तुझं गिऱ्हाईक फक्त आत राहायला जाणार." आम्ही सगळे हसलो. तिनं ते गंमत म्हणून म्हटलं नव्हतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

बनारस शहराबाहेर विणकरांसाठी एक सभागृह बांधायचं काम मला मिळालं, माझं पहिलं मोठं काम. आतल्या एका लांबलचक भिंतीशी साड्या पसरून बघता याव्यात, एवढी त्यांची मागणी. मला ती भिंत विटांची आणि पातळ हवी होती. इंजिनिअर म्हणाला, एवढी लांब पातळ भिंत उभी राहणार नाही, मध्ये मध्ये जाड खांब घ्या. मी कागदावर कागद फाडत आमच्या घरी बसलो होतो. आत्या शेजारी अस्तर कापत होती. "झालंय काय एवढं तोंड पाडायला?" मी सांगितलं. तिनं खळ घातलेल्या कापडाची एक पट्टी घेतली आणि जमिनीवर उभी धरली. सोडली, आडवी झाली. मग तिनं भराभर निऱ्या घातल्या, बोटांनी एकेक कड चेपली आणि पट्टी पुन्हा ठेवली. उभी राहिली! वर तिनं आपला बटणांचा डबा ठेवला. तरी उभी. "सपाट कापडाला जीव नसतो रे, बाबा. निरी घातली की ते आपलं आपण उभं राहतं. तुझ्या विटांना घाल की निऱ्या." इंजिनिअरनं आकडेमोड केली आणि म्हणाला, खांबांची गरज नाही.

भिंत झाली, लोक लांबून बघायला येऊ लागले. उद्घाटनाला आत्या तिसऱ्या रांगेत बसली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. एका पत्रकारानं माइक पुढे केला, ही घडीची भिंत सुचली कशी? आणि मी... कपाळ माझं! समोर मोठमोठी माणसं होती. ब्लाउज शिवणाऱ्या आत्यानं दाखवलं, हे मला फार किरकोळ वाटलं. मी म्हणालो, आमच्या मराठी पूर्वजांनी इथं बांधलेल्या राजा घाटाच्या पायऱ्या बघून सुचली. बनारसच्या मराठी माणसाला हे वाक्य पाठच असतं, कुठेही फेकावं. टाळ्या पडल्या. घरी येताना ई-रिक्षात आत्या एवढंच म्हणाली, "भाषण छान झालं हो. माइक जरा लांब धरत जा." तेव्हा माफी मागायला काय झालं होतं मला?

पुढे मी पुण्याला शिकवायला आलो. एकदा फोनवर तिनं विचारलं, "मुलांना ती भिंत दाखवतोस का रे?"

"दाखवतो की."

"काय सांगतोस?"

"सगळं सांगतो, आत्या."

"बरं." आणि तिनं विनयच्या मुलीच्या परीक्षेचं काढलं. मी काहीही सांगत नव्हतो. स्लाइडवर घाटाचा फोटो असायचा. एकदा सुट्टीत ती म्हणाली होती, मला त्या हॉलवर घेऊन चल. मी वेळ नाही म्हणालो. तिच्याबरोबर त्या भिंतीपुढे उभं राहायची माझी छाती नव्हती.

तेराव्यानंतर मी एकटाच तिथं गेलो. बुधवार होता. आत दहाबारा बायका मशीनवर बसलेल्या. शिवणाचा वर्ग. तो आत्याच घेत होती म्हणे, चार वर्षं, दर बुधवारी, रिक्षानं एकटी येऊन! विनयला माहीत होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. उशिरा आलेली एक बाई आत शिरली आणि जाता जाता तिनं भिंतीची एक घडी वरून खालपर्यंत दोन बोटांनी चेपत नेली, नेसताना निरी बसवतात तशी. मग दुसरीही आली, तिनंही तेच केलं. हे काय, मी विचारलं. "बुआजी हर बार ऐसे ही करती थीं, हमको भी आदत पड़ गई." कडेच्या विटा तेवढ्या उंचीवर हातांनी गुळगुळीत झाल्या होत्या.

मी कोण ते कळल्यावर त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्यातली वयस्कर बाई म्हणाली, "भैया, हम तो कहते थे, बुआजी, ये तो आपकी साड़ी की चुन्नट है. वो डाँट देती थीं, कहतीं, नहीं, हमारे भतीजे को घाट देखकर सूझा. सही बात है न?"

माझं खोटं ती चार वर्षं माझ्यासाठी सांभाळत होती. आणि मी, तिचं तेरावं जेवून आलेला मी, त्या भिंतीपुढे उभा राहून म्हणालो, "हाँ."

म्हणून हे लिहिलं. पण त्या बायकांना मराठी वाचता येत नाही. विनयला हिंदी करून द्यायला सांगता आलं असतं, ते मी मुद्दाम स्वतः केलं आहे. येत्या बुधवारी जाऊन त्यांच्यासमोर वाचायचं आहे. तिकीट काढलं आहे.