तिच्या टर्मिनलवरून आलेलं उत्तर

सातपूरच्या आमच्या कारखान्यात संगणक आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि पाहुण्यांनी एकविसाव्या शतकावर तासभर भाषण केलं. तेवढा वेळ संगणक बंदच होता. त्याच्या काचेच्या गार खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. प्रत्येकाने आपला पासवर्ड गुप्त ठेवायचा होता. निम्म्या लोकांनी कुलदैवताचं नाव ठेवलं, त्यामुळे ते सगळ्यांना पाठ होते.

माझं टर्मिनल स्टोअर्समध्ये, तिचं त्या काचेच्या खोलीत. सुट्या भागांच्या नोंदींबरोबर एका ओळीचा निरोपही पाठवता येई. रोमन अक्षरांतल्या त्या मराठीत आम्ही जेवढं बोललो, तेवढं समोरासमोर कधी बोललो नाही.

एका शनिवारी मी विचारलं, "उद्या सोमेश्वरला धबधबा बघायला याल का?"

उत्तर लगेच आलं. "तुमच्याबरोबर? आधी आरसा बघा."

 मी कसलासा कागद हातात घेऊन काचेच्या खोलीपाशी गेलो. बाहेर तिच्या चपला नव्हत्या. तिच्या खुर्चीत अकाउंट्समधला एक विनोदवीर बसला होता. ती लॉग आउट न करताच उठली होती. बिचाऱ्याला पासवर्ड चोरायचेही कष्ट पडले नव्हते.

ती कँटीनमध्ये सापडली.

"मघाचं उत्तर तुमचं नव्हतं ना?"

"कसलं उत्तर? मी केव्हाची इथंच आहे."

मी सगळं सांगितलं, प्रश्न तेवढा सोडून.

"माझ्या नावानं? थांबा, साहेबांना सांगतेच!" दोन पावलं जाऊन ती वळली. "आणि अहो, जे विचारलं होतंत ते परत पाठवा. आता मी जागेवरून हलणार नाही."

साहेबांनी तक्रार फारच मनावर घेतली. सगळ्यांचे पासवर्ड बदलले आणि निरोपांची सोय तत्काळ बंद केली. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत होतो आणि पडदा ती नाकारत होता. काचेपलीकडे ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होती. शेजारी उभे राहून साहेब सुरक्षिततेचं महत्त्व सांगत होते, ते सुटीचा भोंगा होईपर्यंत. मी फाटकाशी पोचलो तेव्हा बायकांची बस निघाली होती.

रविवारी मी सोमेश्वरला गेलो. तिला काही कळलेलंच नव्हतं, तेव्हा ती येण्याचा प्रश्न नव्हता. तरी शहर बस थांबली की मी उतरणाऱ्यांकडे बघत होतो.