गाळलेले बाण

तीन आठवड्यांपूर्वी पुतणीचा हैदराबादहून फोन आला, "काका, बाबा गेले." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. रडू आलं नाही. आता दादाला ती गोष्ट सांगता येणार नाही, एवढंच मनात आलं...

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. ऐंशीच्या दशकात कळमनुरीच्या आमच्या वस्तीतून हैदराबादला जाऊन संगणकावर काम करणारा तो पहिलाच. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "भाजीत मीठ कमी पडलं तर भाकरी काहून पुन्हा थापायची?" प्रोग्रॅमचे पुष्कळ तुकडे असत. कोणता तुकडा कशावर अवलंबून, याची यादी एकदा संगणकात घातली की एक आज्ञा टाइप करायची. बदललेले तुकडे तेवढेच नव्याने तयार होऊन सगळं जोडलं जायचं. पण ती यादी दादाच्या डोक्यातच होती. म्हणून त्याला रजा मिळेना.

मायनं अंथरूण धरलं तेव्हा कसाबसा आला. मागोमाग कचेरीचं पत्र आलं, काम अडलंय. दादा मायच्या खाटेशी दोन दिवस यादी लिहीत बसला. "हे पोचलं की मी सुटलो बघ," म्हणाला. "मास्तर, तुझं अक्षर चांगलं. साफ उतरून पोस्टात टाक."

मी नवा नवा मास्तर, शुद्धलेखनाचा किडा. काही ओळींच्या आधी बारीक बाण होते. मला वाटलं, खाडाखोड असेल. बाण गाळले, नुसती जागा सोडली. कागद इतका देखणा झाला की मीच दोनदा न्याहाळला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

नवव्या दिवशी तार आली : यादी चालत नाही, ताबडतोब निघा. मायनं त्याचा हात धरला. "जाऊन राहिला काय रे?"

"चार दिवसांत येतो, माय."

तिसऱ्या दिवशी माय गेली. दादा पोचला तेव्हा माती उरकली होती. "त्या ओळी टॅबची कळ दाबूनच सुरू व्हायला पायजेत," तो सांगत होता. "कचेरीतल्यांनी साध्या मोकळ्या जागा टाइप केल्या. टॅब असला की मी कागदावर बाण काढतो... काढायचाच राह्यला असंल. माह्याच हातानं झालं." माझा कागद त्यांनी टाइप करून फेकून दिला होता.

तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटेना. पुढे वर्षं गेली तसतसं अवघडच होत गेलं. निवृत्तीनंतर दादा यायचा, मायच्या खोलीच्या उंबऱ्याशी बसायचा, आत कधी गेला नाही. दर वेळी तेच विचारायचा, "बाण काहून इसरलो असंन रे मी?"

आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, "होतं दादा. माणूस विसरतो."