फियाटच्या पत्र्याची पारख

बाकीचं जग मोटार पुढून ओळखतं. वेसाव्याची मंजुळा ती मागून, म्हणजे डिकीकडून ओळखायची. यात तिचा काही दोष नव्हता. एकसष्ट साली ती पहिल्यांदा टॅक्सीपाशी गेली ती डिकीत मासळीची पाटी चढवायला, आणि पुढची चौदा वर्षं रोज तेच करत राहिली. पण बाई महाचौकस. तिचा नवरा धाकू म्हणायचा, "हिला देवलात नेली तर ही देवाला इचारील, मुकूट कंच्या सोनारानं घडवला."

वेसाव्याच्या बहुतेक कोळणी अंधेरीच्या बाजारात बसत. मंजुळेनं आणि तिची जाऊ कमळ हिनं घाटकोपर धरलं. तिकडं ताजे बोंबील, ताजी कोलंबी क्वचित पोचायची, त्यामुळे गिऱ्हाईक वाट बघत उभं असायचं. घोडं अडायचं ते जाण्यापाशी. पाटी दिसली की बसचा कंडक्टर लांबूनच घंटी मारायचा. शेवटी दोघींनी मिळून टॅक्सी ठरवली. सकाळी वेसावं, मग अंधेरी, मरोळ, साकीनाका, असल्फ्याचा चढ आणि घाटकोपर. मासळी न्यायला एकही ड्रायव्हर तयार होईना, एक कुंडलिक सोडून. कुंडलिक जुन्नरकडचा, वयानं मंजुळेहून लहान, गाडी शेठची. त्याला सर्दी बारमाही असायची. वास येतो म्हणतात तो कसला, हे त्याला ऐकूनच ठाऊक.

ती पहिली गाडी डुक्कर फियाट. गोल पाठ, फुगीर पोट, आणि पुढची दारं उलटी उघडणारी. मंजुळा पुढं बसायची. आधी बूड टेकायचं, मग पाय आत ओढायचे. तिला हे फार सोयीचं वाटलं आणि लगेच प्रश्न पडला.

"कुंडलिका, दार उलटं का रं लावलं?"

"मावशे, मी गाडी चालिवतो. बनवत न्हाय."

"पन तुना कधी इचारावंसा नाय वाटला?"

कुंडलिकला खरंच कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. पण बाईनं विचारल्यापासून त्यालाही रात्रंदिवस दार दिसायला लागलं. मग त्यानं नाक्यावरच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारलं, त्यानं आणखी कुणाला. उत्तर कुणालाच माहीत नव्हतं, प्रश्न मात्र अख्ख्या अंधेरी नाक्यावर फिरला.

त्रेसष्ट साली शेठनं गाडी बदलली आणि सुपर सिलेक्ट आणली. मंजुळा पाटी खाली ठेवून मागच्या बाजूला उभी राहिली ती उभीच. दोन्ही कडांना माशाच्या परासारखे कंगोरे वर आलेले. "ए कमळ, हिला पर फुटलं गं!" ती ओरडली. गाडी बनवणारा माणूस मासळी खाणारा असणार, नाहीतर असे पर त्याला सुचलेच नसते, असा तिचा त्या दिवसापासून ठाम समज झाला. गाडी पळायलाही चपळ. असल्फ्याच्या चढावर एखादी अँबॅसॅडर धापा टाकत चाललेली असली, की कुंडलिक स्टिअरिंगजवळचा गिअर खाडकन ओढून तिला मागं टाकायचा. मंजुळा मागं वळून त्या ड्रायव्हरला हात दाखवायची. कमळ लाजेनं मेल्यासारखी व्हायची.

पुढं डिलाइट आली. आता दारं सरळ झालेली. मंजुळेला ते बिलकूल आवडलं नाही. "चांगलं दार कुनी फिरवलं? कुनी तक्रार केली? बापय मानसानंच केली असनार. त्यांना कुठं लुगडं सावरून बसायला लागतंय?"

बहात्तरच्या सुमाराला रस्त्यावर प्रेसिडेंट दिसू लागली. दोन वर्षांनी पद्मिनी. पहिली पद्मिनी अंधेरीच्या नाक्यावर लागली तेव्हा ड्रायव्हरांनी मंजुळेला मुद्दाम बोलावून आणलं, कारण तोवर तिच्या मताला वजन आलं होतं. तिनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, डिकी उघडून वाकून बघितली आणि निकाल दिला. "ही तीच डिलाइट हाय. सासरी आली म्हनून नाव बदललं, तोंडावर नवा दागिना घातला. बाकी पोरगी तीच."

ड्रायव्हर खो खो हसले. पण खरी गोष्ट तिनं पुढं सांगितली, आणि ती गंभीरपणे सांगितली. फियाटचा पत्रा दर मॉडेलला पातळ होत चाललाय. तिच्याजवळ पुरावा होता. डुक्कर फियाटची डिकी विकेपर्यंत धडधाकट. सुपर सिलेक्टच्या डिकीचा तळ चार वर्षांत गंजून खाली पडला. शेठ कुंडलिकवर भडकला होता, "गाडी खाडीत घातलीस काय?" म्हणाला होता, आणि त्याला दोन महिने गाडीवरून उतरवलं होतं. त्या दोन महिन्यांत कुंडलिकनं बायकोला, विमलाला, गावी धाडलं आणि स्वतः वडाच्या झाडाखाली झोपून दिवस काढले. डिलाइटचा तळ तर तीन वर्षांतच गेला. चार वर्षं, मग तीन. पद्मिनी दोन तरी टिकेल का? हिशोब बिनतोड होता. नाक्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंच्याहत्तर साली कुंडलिकचा नंबर लागला. स्वतःच्या टॅक्सीसाठी त्यानं कधीकाळी नाव नोंदवलं होतं आणि तो जवळजवळ विसरलाही होता. कागद आला, पद्मिनी मिळणार होती. वीस वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढलेल्या माणसाच्या आयुष्यात असा कागद एकदाच येतो. त्या सकाळी गाडीत बसता बसता मंजुळेनं त्याचं अभिनंदन केलं, तर तो म्हणाला,

"न्हाय घेत मावशे. नंबर दुसऱ्याला देतो. कुर्ल्याचा एक जण जुनी सुपर सिलेक्ट विकतोय, ती घेतो."

"का रं?"

"तूच म्हणलीस न्हवं, पत्रा पातळ. दोन वर्षांत डिकी गळून पडली तर हप्ते काय तुझा बोंबील भरंल?"

मंजुळा आधी सुखावली. एवढा मोठा ड्रायव्हर आपल्या शब्दावर गाडी सोडतो! साकीनाक्यापर्यंत ती त्याच सुखात होती. असल्फ्याचा चढ सुरू झाला आणि तिला नेहमीसारखा प्रश्न पडला. पत्रा पातळ आहे हे आपण म्हणालो खरं, पण पत्रा हातात घेऊन कधी बघितला? मासळी दाबल्याशिवाय विकत न घेणारी बाई आपण. कुण्या गिऱ्हाइकानं लांबूनच पापलेट शिळं म्हटलं, तर त्याला आपण काय काय बोलतो!

परतताना तिनं मरोळला गाडी थांबवायला लावली. तिथं भीमराजची शेड होती. भीमराज डेंटर, म्हणजे ठोकलेल्या मोटारींचा पत्रा सरळ करणारा. माणूस कमी बोलणारा. कुंडलिक समोर चहाला गेला, कमळ गाडीतच डुलक्या घेत राहिली. मंजुळेनं भीमराजला सरळ सांगितलं, "मना तिन्ही गाड्यांचा पत्रा दाखव."

भीमराजनं भंगारातून तीन तुकडे आणले. डुक्करचं दार, सुपर सिलेक्टचा मडगार्ड, डिलाइटचा मडगार्ड. मंजुळेनं डोळे मिटून एकेकाची कड अंगठा आणि बोटात धरली. काही वेळ तिनं स्वतःला फरक जाणवतोय असं वाटून घ्यायचा प्रयत्न केला. फरक जाणवला नाही.

"तरी तळ गलतो, त्याचा काय?" ती म्हणाली.

शेडमध्ये पार्ल्याच्या एका डॉक्टरांची डिलाइट उभी होती. कुंडलिकच्या गाडीच्याच सालची. भीमराजनं तिची डिकी उघडली. तळाचा मूळ रंगसुद्धा शाबूत. मंजुळेनं हात घालून कोपरान् कोपरा चाचपला.

"बाई," भीमराज म्हणाला, "डॉक्टर डिकीत बॅग ठेवतात. तुम्ही काय ठेवता?"

"पाटी."

"पाटीतून काय गळतं?"

"बर्फाचा पानी. गोडा पानी रं! खारा पानी लोखंडाला खातंय ते मना शिकवतोस? आमच्या होडीचा खिला खिला मी बघितलाय."

आणि इथं मंजुळा मनापासून बोलत होती. कोळ्याच्या घरात गोडं पाणी वेगळं आणि खारं पाणी वेगळं, हे पोर चालायच्या आधी शिकतं. बर्फ कारखान्यातून येतो, तो गोड्या पाण्याचा. म्हणून डिकीत ओघळतं ते गोडं. तिच्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की त्यावर विचार करायची गरज कधी पडली नव्हती.

"चाखलंय कधी?" भीमराजनं विचारलं.

मंजुळा तरातरा कुंडलिकच्या गाडीपाशी गेली. डिकीच्या खाचेत सकाळचं पाणी साचलं होतं. तिनं त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट. चांगलं खारट.

ती तशीच बोट तोंडाशी धरून उभी राहिली. मग एकेक गोष्ट आपोआप समोर आली. कोळीण मासळी गोड्या पाण्यानं धूत नाही, चव जाते म्हणून. मासळी धुवायची ती समुद्राच्याच पाण्यात, आणि तशीच निथळती पाटीत भरायची. डुक्कर फियाटच्या काळात वर नुसतं ओलं गोणपाट असायचं, फारसं गळायचं नाही. बर्फ आला सुपर सिलेक्टच्या वेळी. बर्फ वितळे आणि मासळीचं सगळं खारं पाणी सोबत घेऊन डिकीत उतरे. डिलाइटच्या वेळेला धंदा वाढला, दोनाच्या तीन पाट्या झाल्या. पत्रा पातळ झाला नव्हता. पाणी वाढलं होतं. आपला तो बाब्या म्हणतात तशातली गत. खापर तिनं कारखान्यावर फोडलं होतं, आणि कुंडलिकचे दोन महिने तिच्या बोंबलांनी खाल्ले होते.

 तिला भीती वाटली, शरम वाटली. आणि त्याच दमात दुसराही विचार आला, तो लपवण्यात अर्थ नाही. गप्प राहिलं तर? कुंडलिक जुनी सुपर सिलेक्ट घेईल. जुन्या गाडीत पाटी ठेवायला तो कशाला नको म्हणेल? घाटकोपर चालू राहील. खरं सांगितलं तर तो पद्मिनी घेईल, आणि नव्या कोऱ्या गाडीत हे पाणी कुणी ओतू देत नाही. चौदा वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं, नाव घेऊन वाट बघणारी, एका वाक्यात जातील. त्या रात्री तिनं धाकूला काही सांगितलं नाही. तो दोनदा म्हणाला, "आज काय इचारीत नाय तू?"

दुसऱ्या दिवशी घाटकोपरहून परतल्यावर ती अंधेरीच्या नाक्यावर उतरली. आठ-दहा ड्रायव्हर होते. पत्र्याची गोष्ट तिनं चारचौघांत सांगितली होती, तेव्हा तिचं खरं-खोटंही चारचौघांतच व्हायला हवं, एवढा न्याय तिला कळत होता.

"ऐका रं," ती म्हणाली. "पत्रा पातल नाय. मी चाखून बघितला. आमच्या पाटीचा पानी खारा हाय. तुमच्या डिक्या आमीच खाल्ल्या. कुंडलिका, तुजं दोन महिनं पन मीच खाल्लं. तू पद्मिनी घे."

कुणीच हसलं नाही.  कुंडलिकला विमला एस.टी.त बसताना आठवत असावी. "चौदा वर्षं पाण्यात बसलीस मावशे, आन् तुला पाणी वळखू आलं न्हाय?" एवढंच तो म्हणाला, गाडीत बसला आणि निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर मंजुळेला बरं वाटलं असतं.

आठवड्याभरात नाक्यावरच्या एकाही फियाटवाल्यानं एकाही कोळणीची पाटी घेतली नाही. मंजुळा-कमळच नव्हे, मुलुंडला जाणाऱ्या दोघी, कांजूरमार्गची एक, सगळ्यांची वाट लागली. कमळ तर तोंडावर बोलली, "तुना कुनी इचारला होता गं? चाखायला गेली!" मग तिनं दोन महिने मंजुळेशी अबोला धरला. मंजुळा मुकाट्यानं अंधेरीच्या बाजारात बसू लागली. तिथं आधीच कोळणींची गर्दी, नव्या बाईला जागा मिळाली ती अगदी शेवटची, मटणवाल्याच्या मागं. तिची कोलंबी तिथंही ताजीच असायची, पण तिला नाव घेऊन हाक मारणारं कुणी नव्हतं. याचं तिला वाईट वाटायचं, आणि ते ती कुणाला सांगत नसे.

श्रावण संपून गणपती होऊन गेले. एका दुपारी पाटी जवळजवळ रिकामी झाली होती, तेव्हा समोर कुंडलिक येऊन उभा राहिला. अंगात नवा खाकी शर्ट, नाक लाल. पद्मिनी रस्त्याला लावली होती, ती या जागेवरून दिसत नव्हती. मंजुळेनं पाट पुढं सरकवला. तो बसला नाही.

"आज घाटकोपरचं भाडं होतं," तो म्हणाला.

"बरं."

"उतरलो तर त्या नीलाबाई हायेत न्हवं, मास्तरांच्या? त्यांनी वळखलं मला. गाडीपाशी आल्या. मावशी येत का न्हाय, इचारत होत्या. आजारी हाय का, म्हणं. आणखी चार बायका गोळा झाल्या."

मंजुळेचा हात कोलंबीत तसाच राहिला. "मग तू काय सांगितलास?"

कुंडलिकनं रुमालानं नाक पुसलं. 

"म्हणलं, खरं बोलली म्हणून येत न्हाय."

मंजुळेनं मान खाली घातली आणि उरलेली कोलंबी वर्तमानपत्रात बांधायला घेतली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हात मासळीचे, त्यामुळे पुसताही येईनात. पुडी तिनं कुंडलिकपुढं धरली. "विमलाला दे," ती म्हणाली. त्यानं पुडी दोन्ही हातांनी घेतली, आणि तिच्याशेजारी पाटावर बसला.