मागणाऱ्या मुली

माझ्या सासूबाई नव्या शेजारणीला माझी ओळख करून द्यायच्या तेव्हा "आमची सून एका संस्थेत असते" एवढंच सांगायच्या आणि विषय ज्वारीच्या भावाकडे वळवायच्या. संस्थेत मी काय करते हे सांगायची त्यांना लाज वाटायची. कारण मी मागते. सोलापुरात कॉलेजसाठी येणाऱ्या खेड्यांतल्या मुलींचं वसतिगृह आमची संस्था चालवते, आणि ते चालावं म्हणून लोकांकडे देणग्या मागणं हे माझं काम आहे. निम्मं आयुष्य मी हेच केलंय. कारखानदार, डॉक्टर, बिल्डर, पुण्याला जाऊन बसलेले सोलापूरकर, कुणाचं दार सोडलेलं नाही. मला लांबून पाहून रस्ता ओलांडणारी माणसं या गावात आहेत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग त्यांनी आपणहून खिशात हात का घालावा?

मागण्याची मला कधी लाज वाटली नाही. चीड येते ती एकाच गोष्टीची. दाते यायचे असले की वसतिगृहातल्या दोन-तीन मुलींना इस्त्रीचे कपडे घालून दारात उभं करायचं, हातात गुलाब द्यायचा आणि त्यातल्या एकीने घरची करुण कहाणी सांगायची, अशी आमच्याकडे पद्धत होती. मुलगी रडली की दाते विरघळतात, असं आमच्या अध्यक्षांचं ठाम मत. मागणाऱ्या आम्ही, शहरातल्या, शुद्ध बोलणाऱ्या, कडक इस्त्रीच्या साड्या नेसणाऱ्या. आणि ज्यांच्यासाठी मागायचं त्यांनी नुसतं रडायचं.

एकदा ही रडायची पाळी सांगोल्याकडच्या एका मुलीवर आली. मेंढपाळाच्या घरची, काळीसावळी, उंच, कॉमर्सला शिकणारी. तिने दुष्काळातल्या टँकरची गोष्ट सांगायची असं ठरलं होतं. तिने सुरुवात केली चांगली, पण मधेच तिला त्यांची एक शेळी आठवली. शेळी टँकरच्या टपावर चढून बसली होती आणि खाली उतरायला तयार नव्हती, ड्रायव्हर वर, शेळी पुढं, सगळं गाव खाली. सांगता सांगता पोरगी खदखदा हसायला लागली. मग दाते हसले. दात्यांच्या बायका तर डोळे पुसायला लागल्या, पण हसून हसून. अध्यक्षांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता. मी मात्र मागच्या खुर्चीत ताठ बसले. म्हटलं, हिला मागता येईल.

तिची पदवी झाल्यावर मी अध्यक्षांच्या इतकी मागे लागले की त्यांनी कंटाळून तिला माझ्या हाताखाली घेतलं. पण दिवाळीपर्यंतच. दिवाळीआधीच्या विश्वस्तांच्या बैठकीत तिचं काम बघायचं. तोवर तिने स्वतः एक नवा दाता आणला तर कायम करायचं, नाही तर नमस्कार. तिच्या घरीही दिवाळीचाच वायदा होता. माळशिरसचं एक स्थळ सांगून आलं होतं. नोकरी कायम झाली तर लग्नाचं पुढं बघू, नाही तर दिवाळीनंतर सुपारी फोडू, असं तिच्या वडलांनी तिला सांगितलं होतं. ती हे सगळं मला हसत सांगायची, पण तिचे डोळे त्यात हसत नसत.

शिकवायला मला मजा आली. ती दिवसभर ईमेल लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांशी झूमवर बोलताना पहिल्यांदा तिने कॅमेऱ्यासमोर वाकून नमस्कार केला आणि समोरच्यांना नुसता भांग दिसला. पण दात्यांची नावं, त्यांच्या मुलांच्या परीक्षा, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं तिच्या तोंडपाठ. "मेंढरं वळखता येत्यात, मानसं लई सोपी हायती की," असं ती म्हणायची.

अध्यक्षांना तिचं हे "हायती" खटकायचं. माणूस वाईट नाही. बँकेतून निवृत्त झालेले, पै न पै जपणारे. पण एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दात्यांसमोर ही भाषा बरी दिसते का?" मी म्हटलं, "दाते काय व्याकरणाला देणगी देतात का?" त्यावर ते चष्मा पुसत बसले. माझ्या तोंडाला लागायचं नाही हे त्यांना अनुभवाने कळलंय.

दसऱ्याच्या आसपास तिने एक टॉवेल कारखान्याचे मालक हेरले. अक्कलकोट रोडला त्यांचा कारखाना. तेलुगू घरातले, वडील हातमागावर बसायचे, आता ह्यांचे टॉवेल परदेशात जातात. आम्ही दोघी गेलो. बोलायचं तिनेच, असं आधीच ठरवलं होतं. आणि काय बोलली! वसतिगृहात पहाटे गरम पाण्यासाठी कशी रांग लागते, सांगोल्याची आणि अक्कलकोटची कानडी बोलणारी मुलगी एका खोलीत राहिल्यावर महिन्याभरात एकमेकींच्या भाषेत कशा भांडायला लागतात, कुणाला कुठं नोकरी लागली, सगळं. मालकांनी दुसऱ्यांदा चहा मागवला. मग आमच्या मागण्याची वेळ झाली. मी मनात म्हटलं, आता. तर ही बाई उठली, "बरं मालक, येतो आमी," म्हणाली, नमस्कार केला आणि चालू लागली!

कारखान्याच्या फाटकाबाहेर मी तिला गाठलं. "अगं, मागितलंस कुठं?"

"मागायचं कशाला?" ती शांत. "आमचा आप्पा मेंढरं घेऊन परमुलखात जातो तवा कुणाच्या दारात जात न्हाय. रानाच्या कडंला मेंढरं थांबवतो. मेंढरं रातभर बसली की रानाला खत मिळतंय, हे शेतकऱ्याला ठावं असतंय. ज्याला पायजे तो आपल्या पायानं येतो, म्हनतो, आमच्या रानात बसवा. वर धान्य देतो. मी ल्हानपनापास्नं बघितलंय की."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, याला काय अर्थ आहे?"

"भांडं कुटं लपवलं, ताई? ताक तर आपुन घिऊन आलोय."

मी आणखीच रागावले. तो राग मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडून काढला. उत्तर पटण्यासारखं होतं, हीच तर पंचाईत होती. आम्ही भीक मागत नाही, देणाऱ्याचंही काही भलं करतो, हे मी भाषणांतून नेहमी सांगत आले होते. ही पोरगी ते खरं मानून वागत होती.

मालकांचा फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मी फोन करते म्हटलं की ती हात धरायची. "थांबा की ताई." मी थांबले, म्हणजे काय थांबले, माझ्या जिवाला माहीत. एकीकडे बैठक जवळ येत होती आणि दुसरीकडे माळशिरसवाल्यांचे फोन वाढले होते. ती हसायची कमी झाली. डबा अर्धा परत न्यायची. एके दिवशी ऑफिसच्या खिडकीशी उभी राहून म्हणाली, "ताई, शेतकरी आला न्हाय तर मंग काय करायचं, ते मी कदी बघितलंच न्हाय."

तेवढ्यात तिचे वडील सोलापूरला आले. पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात डाळिंबांची पिशवी. लेक कुठं काम करते ते बघायला आणि जमलं तर तिला घेऊन जायला. मी चहा मागवला. बाप-लेक समोरासमोर बसले आणि तिने सगळी हकीगत सांगितली. टॉवेलवाले मालक, आपण न मागता कसे उठून आलो, आणि अजून फोन नाही. ते ऐकता ऐकता आप्पांनी कपाळाला हात लावला.

"आगं येडे," ते म्हणाले, "शेतकरी आपल्या पायानं येतो असं तुला कुनी सांगितलं?"

"मी बघितलंय की, आप्पा."

"तू कोकरांपाशी असायचीस, आईजवळ. तुला शेतकरी आलेला दिसायचा. त्याच्या आदी मी त्याच्या वस्तीवर जाऊन यायचो, ते कुटं दिसायचं तुला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, आदी जावं लागतंय. तांब्याभर पानी मागायचं. पानी मागितलं की मानूस बसा म्हनतो. बसलं की पीकपानी निगतंय. मंग सरळ इचारायचं, यंदा तुमच्या रानात बसवू का, अन् काय द्याल? त्यो कमी सांगतो, आपुन जास्त सांगायचं. न इचारता कोन बोलवतंय वो?"

 ती अशी हसत सुटली की शेजारच्या खोलीतून शिपाई डोकावला. "म्हंजी आप्पा, तुमी पन मागताच की!"

"मागतो म्हंजी? मागितल्याबिगर मेंढरं काय खानार, वारा?"

मीही हसले. खरं म्हणजे मला नाचावंसं वाटत होतं. आप्पा डाळिंबं ठेवून एकटेच परत गेले. जाताना लेकीला म्हणाले, "बैठक हुईस्तवर थांबतो. पुढचं तू बघ."

दुसऱ्याच दिवशी तिने मालकांना फोन लावला आणि आम्ही पुन्हा कारखान्यात गेलो. या वेळी मला सक्त ताकीद होती, तोंड उघडायचं नाही. गेल्या गेल्या तिने पाणी मागितलं. मालकच म्हणाले, "त्या दिवशी एवढं सगळं सांगितलंत आणि काही न मागता गेलात. आमची आई म्हणाली, त्यांना आपला कारखाना पसंत पडलेला दिसत नाही." त्यांचा सूर दुखावलेला होता. इतके दिवस आम्ही इकडे झुरत होतो आणि ते तिकडे.

तिने ग्लास खाली ठेवला. "मालक, आमच्या वसतिगृहाचं सैपाकघर वरीसभर तुमी चालवावं, असं मागायला आलीय मी."

मी चादरी-टॉवेल मागावेत, फार तर एक गीझर मागावा, एवढंच मनात धरून आले होते. सबंध स्वयंपाकघर! मला ठसका लागला. मालक विचारात पडले. "सहा महिने बघू," म्हणाले.

"बाकीचं सहा म्हयनं पोरींनी उपास धरायचा व्हय, मालक?"

मालक इतके हसले की हिशेब बघणारा माणूस आत आला. वर्षभराचं ठरलं. येताना त्यांनी आम्हा दोघींना एकेक टॉवेल दिला, तो मी अजून वापरलेला नाही.

बैठकीत तिला शेजारी बसवून मी ही बातमी सांगितली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी सर्वांत जास्त. मग घसा साफ करून म्हणाले, "मुलीने काम चांगलं केलं. आपण तिला कायम करू. वसतिगृहावर देखरेखीला ठेवू, मुलींना ती घरची वाटेल. देणग्यांच्या कामाला मात्र जरा इंग्रजी येणारं, जरा बोलणं-चालणं असलेलं माणूस बघावं." तो त्यांना मोठेपणाच वाटत होता. माझं डोकं सणकलं. मी उठणार, तोच टेबलाखाली तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"सर," ती म्हणाली, "मला हीच जागा पायजे. देणग्या मागायची. ताईंच्या शेजारची. कायमची."

मागितल्यावर गप्प बसायचं असतं. आमच्या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही. मागून झालं की माणसाला राहवत नाही, तो आपणच सारवासारव करतो, नसेल जमत तर राहू द्या म्हणतो, आणि केलेलं मातीत घालतो. भल्याभल्यांना हे जमत नाही. तिने मागितलं आणि ती अध्यक्षांकडे बघत बसली. रागाने नाही, उर्मटपणे नाही, चांगली मायेने बघत होती. पंख्याची करकर ऐकू येत होती. माझं मनगट तिने इतकं दाबलं होतं की बोटं बधिर झाली.

शेवटी अध्यक्षच बोलले, आणि बोलले ते स्वतःशीच बोलल्यासारखे. "मी बँकेत लागलो तेव्हा मलाही मराठी धड येत नव्हतं. शाळा कानडीत झाली ना. काउंटरवर लोक हसायचे." मग सहकाऱ्यांकडे बघून म्हणाले, "हीच जागा देऊ या. लिहा तसं."

"अजून एक मागायचं हाय," ती लगेच म्हणाली, "पुढच्या वर्साला वसतिगृहातली एक पोरगी माज्यासंगं शिकायला घ्या." बोट दिलं की मनगट धरतात ते असं. तेही त्यांनी मान्य केलं, बहुधा ती आणखी काही मागेल या भीतीने.

बाहेर जिन्यात तिने आप्पांना फोन केला. "कायम झाले, आप्पा! माळशिरसवाल्यांना न्हाय म्हनून सांगा." पलीकडून मेंढरांचा आवाज आला आणि त्यातून आप्पांचं "लई झ्याक, लई झ्याक" ऐकू येत राहिलं. मी तिला जवळ घेतलं. इतका निखळ आनंद मला स्वतःच्या मुलीच्या निकालालाही झाला नव्हता, आणि हे मी तिलाही सांगून टाकलंय.

डोळे पुसत तिने मला विचारलं, "ताई, तुमी सोतासाठी कदी काय मागितलंय का वो?"

मी बोटांवर मोजायला लागले. पलंग मागितले होते, पाण्याची टाकी मागितली होती, एकदा तर चालती बस मागून आणली होती. स्वतःसाठी काही आठवेना. विश्वस्त मंडळातली एक जागा कधीची रिकामी होती. दर बैठकीत तिथं योग्य व्यक्ती शोधायची चर्चा व्हायची आणि ती चर्चा मी लिहून घ्यायचे. माझ्या मनात आलं नव्हतं असं नाही. कुणीतरी आपणहून म्हणेल, असं वाटायचं.

मी मागे वळले आणि जिना चढून परत वर गेले. सगळे समोसे खात होते. अध्यक्षांनी विचारलं, "काही राहिलं का?"

"हो," मी म्हटलं. "मंडळातल्या त्या रिकाम्या जागेवर मला घ्या."

समोसा त्यांच्या हातातच राहिला. मी समोरची खुर्ची ओढली, तोंड मिटून बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. अजून कुणीच काही बोललं नव्हतं, आणि मला लई बरं वाटत होतं.