पापलेट की रूपचंद

वहिनी रत्नागिरीची. लग्न होऊन वर्ध्याला आल्यापासून तिला समुद्राची मासळी मिळाली नव्हती. त्या रविवारी बाजारात मुंबईहून पेटी आल्याचे कळले आणि दादा व मी तिला घेऊन निघालो.

आमचे घर भाजी पिकवणारे. वांगे निवडावे तसा दादाने सर्वांत चकचकीत, टणक मासा उचलला. "हे पाय तुह्यं पापलेट! कसं चमकून राह्यलं!"

वहिनीने माशाचा ओठ बोटाने वर केला. आत माणसासारखे दात होते. "अहो, हा तळ्यातला रूपचंद. पापलेटचं तोंड इवलंसं असतं. असे दात नसतात त्याला."

तिने दोन्ही हातांनी बर्फ बाजूला सारला. तळाशी एक चपटा, चंदेरी मासा होता. शेपटी कात्रीसारखी फाकलेली. तिने कल्ला उचलला. आत लालभडक.

"ताजं आहे!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारची गिऱ्हाइके वळली.

"थांब, आता मले पाहू दे," म्हणत दादाने बर्फात हात घातला. शेपटी पाहिली, तोंड पाहिले. दुसरे पापलेट त्यानेच ओळखले. वहिनीने दोन्ही तोलायला दिली.