बरणी थोपटणारे काका

बोईसरच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या त्या नवापूरच्या माणसाला मी काका म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ नातेवाईकच बरणीतून, मांडीवर धरून आणत. काका ती बरणी दोन्ही हातांनी घेत आणि तान्हं मूल निजवावं तसं तिचं झाकण थोपटत.

"ही कसली अंधश्रद्धा, काका?" कारखान्यांच्या पाण्याविरुद्धची पत्रकं वाटायला गेलो असताना मी एकदा चिडून विचारलं.

"आमच्या लॅबच्या डॉक्टरनी एक लेख वाचून दाखवला तवापासून थोपटतो," ते म्हणाले. लेखातलं त्यांनी सांगितलं: माणसाच्या अंगात जनुकांचं एक घराणं आहे. पुरुषाचं बीज घडताना ते जागं असतं, बाकी अंगात जन्मभर निजलेलं. काही गाठींत मात्र ते पुन्हा उठतं आणि पेशींवर त्याची खूण उमटते. "त्या खुनेवरून अंगातले राखनदार गाठीला वलखतात. दर वेली नाय."

"पण त्याला उठवतं कोण? कारखान्यांचं पाणीच ना?" खिशातलं एक पत्रक मी टेबलावर आपटलं.

"आसंल. पन भिंगाखालच्या काचेवर उठलेलं दिसतं, उठवनारा नाय."

त्या थंडपणाचा मला संताप आला. पुढच्याच महिन्यात आईच्या छातीतली गाठ घेऊन मी टेम्पोने तिथे गेलो. ती कॅन्सरची आहे का, हे तिथेच कळणार होतं. काकांनी हात पुढे केले आणि लगेच मागे घेतले.

"थोपट तू," ते हळूच म्हणाले. "मी थांबतो."

मी खाली पाहिलं. माझी बोटं झाकण थोपटत होती, आणि मला ती थांबवता येईनात.