जोडीतली दुसरी डिस्क

सांगलीच्या ज्या दुकानदाराने मला चोर ठरवून हाकललं, त्याचाच फोन आला तेव्हा मी कोरेगावात घरी जेवत होतो.

"गड्या, सर्व्हरवर नवी सिस्टीम चढतच न्हाई. डिस्क पार्टिशनच घेत न्हाई, भागच पाडू देत न्हाई. गिऱ्हाईकं लय खोळंबल्यात. येतोस काय?"

येतो म्हणालो. उपकार करायला नव्हे, त्याचं तोंड बघायला.

त्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी सर्व्हर बसवायचं काम करायचो. दुकानाच्या स्वतःच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने चालत. एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उतरतं, त्यामुळे एक गेली तरी काम अडत नाही. दिवाळीनंतर साफसफाईत दुसरीची जागा रिकामी निघाली. दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे, म्हणून चोर मी. भर पेठेत, दुकानाच्या दारात मालकाने माझी पिशवी उलटी केली. डबा, टॉवेल, स्क्रूड्रायव्हर फरशीवर पडले. डिस्क नव्हती. "ह्या भाड्यानं विकली असंल," तो म्हणाला.

बातमी माझ्याआधी गावात पोचली. फौजेतून निवृत्त झालेले माझे वडील, आबा, रोज स्टँडजवळच्या हॉटेलात पेपर वाचायला जात, ते जायचे बंद झाले. मी दारात पाय ठेवला तर त्यांनी एवढंच विचारलं, "घेतलीस का रं?"

दुकानात पोचलो तर पडद्यावर नकार तसाच होता. ही डिस्क एका जोडीतली आहे, मोकळी नाही, असं मशीन म्हणत होतं.

"पुसून टाक की रं सगळं," मालक म्हणाला.

पुसणं सोपं होतं. पण माझं डोकं तापलेलं होतं. जोडीदार डिस्क नेमकी कधी सुटली ते जुन्या सिस्टीमला ठाऊक असणार. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करून मी आत पाहिलं. खंडेनवमीच्या सकाळपर्यंत जोडी शाबूत होती. दसऱ्याला सर्व्हर सुरू झाला तो एकट्या डिस्कवर.

खंडेनवमीला मी औंधला यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. सुट्टी त्यानेच दिलेली. त्या दिवशी तो दुकानातली हत्यारं पाटावर मांडून पुजायचा. जुनी पक्कड, टेस्टर, आणि मधोमध यंत्रातला एखादा भाग काढून ठेवायचा. तो भाग परत जागेवर बसवायचं काम दरवर्षी माझं असे. त्या वर्षी मी नव्हतो. पुजेची हत्यारं मग लाल फडक्यात बांधून देवाच्या फळीवर जात, ती थेट पुढच्या खंडेनवमीला सुटत.

"मालक, ते गाठोडं आणा. आन् दारात उलटं करा."

"आरं, पण कशाला?"

"माझी पिशवी केली व्हती, तशीच करा."

मी समोरच्या चहावाल्याला हाक मारली, शेजारच्या कापडवाल्यालाही. माझी पिशवी उलटी होताना दोघेही बघत उभे होते. मालकाने गाठ सोडली. पक्कड पडली, टेस्टर पडला, आणि पाठोपाठ हळदीकुंकवाने माखलेली डिस्क पडली.

मालकाचा चेहरा मी पोटभर पाहिला. खोटं कशाला बोलू, लय गोड वाटलं.

"चुकलं, गड्या," तो पुटपुटला.

"हितं न्हाई. कोरेगावात, हॉटेलात, आबांसमोर. सिस्टीम त्यानंतर चढंल."

चरफडत का होईना, त्याने गाडी काढली. आबांना मी हाताला धरून हॉटेलात नेलं. भरल्या हॉटेलात मालक म्हणाला, "आवं, तुमच्या पोरानं कायबी घेतलं नव्हतं. डिस्क माझ्याच घोळानं हरवली." आबा ताठ उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी त्याला चहा पाजला.

मी शब्दाला जागलो. सांगलीला परत जाऊन डिस्कवरची जोडीची जुनी खूण पुसली, नवी पार्टिशनं पाडली, आणि सिस्टीम निमूट चढली. मालकाने दुकानाची किल्ली हातात ठेवून कामावर परत ये म्हणून गळ घातली. मी ती त्याच्या टेबलावर आपटून निघालो.

मालकाशी माझी फिटंफाट झाली. त्याने निदान पिशवी तपासली होती, आणि तो तर परका माणूस. आबा आता रोज हॉटेलात जातात, आणि येईल त्याला सांगतात, "आमच्या पोरावर माझा कवाबी इश्वास व्हता." ते वाक्य सुरू झालं की मला त्यांचा दारातला प्रश्न आठवतो, आणि मी चहा अर्धा टाकून उठतो. त्यांच्यादेखत उठतो, आणि का उठलो ते त्यांना सांगत नाही.